धडा समजावू नका, वाटून टाका

मराठी माध्यमाच्या वर्गातला इंग्रजीचा तास बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. सर उतारा वाचणार, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगणार, अवघड शब्द फळ्यावर लिहिणार आणि मग खालचे प्रश्न सोडवून घेणार. प्रश्नातले दोन शब्द उताऱ्यात सापडले की पोरं ते वाक्य जसंच्या तसं उचलतात. उत्तर बरोबर येतं, पण अख्ख्या तासात इंग्रजीत बोलायची गरज कुणालाच पडत नाही.

माझ्या मते उताऱ्याचं खरं काम ही गरज निर्माण करणं आहे, आणि त्यासाठी तो अर्धा लपवावा लागतो: जोडीतल्या एकाला एक भाग, दुसऱ्याला दुसरा. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर प्रकल्पात नकाशे आणि वेळापत्रकं घेऊन शिकवण्याचा प्रयोग केला. त्यात पोरांचं लक्ष व्याकरणाकडे नव्हे, तर समोरचं काम उरकण्याकडे असायचं.

आपल्याकडे वेळापत्रकासाठी लांब जायला नको. नंदुरबार–जळगाव ही ताप्ती खोऱ्यातली लाईन घ्या. जळगावच्या पुढे भुसावळला फाटा फुटतो: एक रूळ खंडवा–इटारसीकडे, दुसरा अकोला–नागपूरकडे. 'नंदुरबारहून अकोल्याला दुपारी बाराच्या आत पोहोचायचंय' एवढंच काम द्यायचं. 'अ' कागदावर नंदुरबार ते भुसावळ गाड्यांच्या वेळा, 'ब' कागदावर भुसावळच्या पुढच्या. वेळा तुम्ही स्वतः बनवा, पण एक गाडी पाच मिनिटांनी चुकेल अशी तजवीज ठेवा. मग नुसत्या वेळा सांगून भागत नाही, 'दॅट ट्रेन इज टू लेट' म्हणावंच लागतं.

पस्तीस मिनिटांचा हिशोब साधारण असा: कागद मुकाट्याने वाचायला पाच मिनिटं, जोडीत बोलायला बारा, दोन जोड्यांनी उत्तरं ताडून बघायला पाच, उरलेला वेळ चुका आणि लिखाणाला.

घोळ होतो तो बोलण्याच्या बारा मिनिटांत. पहिल्याच मिनिटाला अहिराणीत 'दखाड ना भो' (दाखव ना भाऊ) म्हणत कागद ओढला जातो, आणि एकदा कागद दिसला की विषय संपला. म्हणून मध्ये दप्तर उभं करा, किंवा पोरांना पाठीला पाठ लावून बसवा. दुसरा घोळ म्हणजे एकजण आपला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतो आणि दुसरा नुसता उतरवून घेतो. याला उपाय आहे. माहिती तक्त्यात न देता परिच्छेदात द्या आणि दोन-चार बिनकामाच्या ओळी घाला, म्हणजे विचारल्याशिवाय नेमकं हाती लागत नाही. तिसरा घोळ शांततेचा. पोरांना बोलायचं असतं, पण प्रश्न जुळत नाही. 'व्हॉट टाइम डज...', 'विच ट्रेन गोज टू...' अशा पाच सुरुवाती फळ्यावर लिहा आणि पाच मिनिटांनी त्यातल्या दोन पुसा. अहिराणी पूर्ण बंद करू नका. आधी काय विचारायचं हे आपसात ठरवताना ती चालेल, माहिती मागताना मात्र इंग्रजीच. आणि मध्येच क्रियापदाचा काळ सुधारायला धावू नका, कारण पोरगं तिथेच गप्प होतं. चुका वहीत टिपा, शेवटी तीन वाक्यं फळ्यावर घ्या.

उतारा किती अवघड असावा? हू आणि नेशन या संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासानुसार मदतीशिवाय नीट समजायला सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. वर्गात तुम्ही असता, त्यामुळे चार-पाच चालतात. आठवीला 80 ते 120 शब्द पुष्कळ झाले.

रावेर-यावलच्या पोरांना केळीच्या करप्यावरच्या औषधाची बाटली नवी नसते. तिच्या लेबलवरचा त्रिकोण विषारीपणा दाखवतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. दोन लेबलं दोघांना द्या आणि कोणतं जास्त धोक्याचं, ते विचारायला लावा. (बाटल्या वर्गात आणायच्या नाहीत, लेबलचा फोटो मोठा करून छापायचा.) पूर्ण लेबल मात्र पेलवत नाही, सहा ओळी घ्या. मजकूर सोपा करण्यापेक्षा काम सोपं करणं बरं. त्याच ओळींत सहावीच्या पोरांनी फक्त रंग आणि वापरायची शेवटची तारीख शोधली तरी चालेल.

पाठ्यपुस्तकातला धडा वाटताना अडचण वेगळी असते, कारण तो सगळ्यांच्याच दप्तरात असतो, शिवाय गाईडही. म्हणून धडा शिकवण्याआधी त्याचा शंभर शब्दांचा सारांश दोन प्रकारे लिहा आणि पाच ठिकाणी तपशील बदला: गाव, वय, नातं, रक्कम, शेवट. जोडीने फरक शोधायचे आणि कोणता सारांश खरा यावर पैज लावायची. त्यानंतरच पुस्तक उघडायचं. साठ पोरांना तीस जोड्या, म्हणजे 'अ'च्या तीस आणि 'ब'च्या तीस प्रती. एका पानावर चार सारांश बसवले की झेरॉक्सची पंधरा पानं लागतात. ती पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवली तर पुढच्या तुकडीलाही चालतात.