ओकोनोमियाकी, प्रयोग ९ ते १२: थालीपिठाचा हात

ओकोनोमियाकी म्हणजे भरपूर कोबी घातलेलं जाड जपानी धिरडं, आणि ओसाकातल्या घरी ते जमवायचा माझा खटाटोप चालू आहे. आठव्या प्रयोगात वरून खरपूस आणि मधे गिच्च गोळा निघाला होता, आणि त्याचं खापर मी नागाइमोवर (पिठात किसून घालतात तो जपानी कंद) फोडलं होतं. त्या बिचाऱ्या कंदाची माफी मागतो.

प्रमाण तेच, दोघांपुरतं: हाकुरिकिको (इथला मऊ मैदा) १०० ग्रॅम, गार दाशी (सुक्या मासळीचं आणि समुद्री शेवाळाचं सार) १०० मिली, किसलेला नागाइमो ६० ग्रॅम, दोन अंडी, ३०० ग्रॅम कोबी. शिवाय मूठभर तेनकासू (तळलेल्या पिठाचे कुरकुरीत कण) आणि थोडं लाल आलं. नागाइमो किसला की भेंडीलाही लाजवेल असा बुळबुळीत होतो, आणि हाताला खाज सुटते ती अगदी अळूसारखी. कारणही तेच, कॅल्शियम ऑक्झलेट. किसण्याआधी हात व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून घेतो, मग निभतं.

प्रयोग ९. कोबी धुऊन दोन तास चाळणीत निथळत ठेवला. थोडा फरक पडला. सध्या बाजारात आलेला वसंतातला कोबी सैल आणि पाणीदार असतो, थंडीतल्या घट्ट गड्ड्याची सर त्याला नाही.

प्रयोग १०. आजवर सगळं एकाच पातेल्यात कालवत होतो. पहिली भाजून होईपर्यंत दुसरीच्या वाट्याच्या मिश्रणात तळाशी पाणी साचलेलं असायचं. आता पीठ आधी भिजवून फ्रीजमध्ये ठेवतो. कोबी आणि अंडं मात्र हॉटप्लेट तापल्यावरच, माणशी वेगळ्या वाडग्यात. चमच्याने खालून वर दहा-बारा वेळा उचलायचं, घोटायचं नाही. दुसरी पहिलीइतकीच चांगली झाली, हे पहिल्यांदाच.

प्रयोग ११. बायकोने मोबाइलवर चित्रण केलं, आणि ते बघून मी कपाळावर हात मारला. उलटून झालं रे झालं की माझा हात कोते (इथला रुंद उलथना) घेऊन ओकोनोमियाकी दाबतोय! एकदा नाही, चार वेळा. वीस वर्षांची थालीपिठाची सवय, थापलं, भोक पाडलं, तेल सोडलं, कडेने दाबलं. इथे गणित उलटं आहे. कोबीच्या तुकड्यांमध्ये हवा असते, त्या फटींत वाफ कोंडून कोबी शिजतो. दाबलं की फटी बुजतात आणि पिठाचा गोळा होतो. आमच्या गल्लीतल्या दुकानाच्या ओबाचानला (मावशीला) हे सांगितलं, तर ती हसत म्हणाली, "ओसाएतारा आकान!" दाबायचं नाही, अस्सल ओसाकाच्या बोलीत.

प्रयोग १२. उलटताना दोन कोते लागतात. उलटून झाल्याबरोबर दोन्ही सिंकमध्ये टाकले, हाताला मोहच नको. हॉटप्लेट २०० अंशांवर, जाडी दोन सेंटीमीटर, वर पोर्कच्या पातळ पट्ट्या. पाच मिनिटं उघडं, उलटून पाच मिनिटं झाकण, परत उलटून दोन मिनिटं. सॉस प्लेटवर ओघळून चर्रर्र झालं, वरून मेयोनेज, आओनोरी (हिरव्या समुद्री शेवाळाची पूड) आणि वाफेवर वळवळणारे कात्सुओबुशीचे (सुकवलेल्या माशाचे) पापुद्रे. चौकोनी कापल्यावर आतून वाफ निघाली. कोबी शिजलेला, तरी दाताखाली लागणारा. सॉस ओताफुकू कंपनीचा, म्हणजे हिरोशिमाचा, जिथली ओकोनोमियाकीची पद्धत वेगळी. हे इथे ओसाकात जरा हळूच बोलावं लागतं. आणि हो, इथली मंडळी यासोबत भातही खातात. वडापाव खाणाऱ्यांनी नावं ठेवू नयेत.

आता हिरोशिमा पद्धत. तिथे काही कालवत नाहीत. आंबोळीपेक्षा पातळ पीठ पसरायचं, त्यावर कोबीचा डोंगर, मोड, पोर्क. मग सगळं उलटून नूडल्सवर आणि शेवटी अंड्यावर चढवायचं. तिथले बरेच जण उलटल्यावर दाबतात, त्यामुळे माझ्या हाताला तिथे कदाचित नोकरी मिळेल. अडचण जागेची आहे: कोबी, नूडल्स आणि अंडं एकाच वेळी माझ्या प्लेटवर मावत नाहीत. काल नुसता कोबीचा डोंगर उलटून बघितला. अर्धा ओट्यावर गेला.