गवा म्हशीएवढा असतो का?

माधवीला जन्मापासून दिसत नाही आणि मी व्हीलचेअरवर. दोघी बाहेर पडलो की ती माझ्या खुर्चीचे मागचे दांडे धरते, तिची काठी घडी होऊन माझ्या मांडीवर येते, आणि मी पुढून ‘डावीकडे, हळू, पुढे खड्डा’ असा जप करत राहते. अंध-पंगू न्याय लोक पुस्तकात वाचतात, आम्ही तो फुटपाथवर चालवतो. बघणारे हमखास विचारतात, “तुमच्यासोबत कोणी नाही का?” माधवी म्हणते, “आहे की. मी हिच्यासोबत, ही माझ्यासोबत.” समोरच्याचं समाधान काही होत नाही.

माधवी शिक्षिका आहे. तिच्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, “बाई, गवा म्हशीएवढा असतो का?” त्या मुलालाही दिसत नाही. बाईंना उत्तर माहीत नव्हतं, मलाही नीट सांगता येईना. म्हणून एका मंगळवारी आम्ही मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला निसर्ग विभाग गाठायचं ठरवलं.

मी मरोळला राहते. पूर्वी फोर्टात जायचं म्हणजे टॅक्सीला भरपूर पैसे, नाहीतर लोकलचा दिव्यांगांचा डबा. तो डबा कुठे थांबणार हे माधवीला फलाटावरच्या ‘पीं पीं’ आवाजावरून कळतं, पण फलाट आणि डबा यांच्यातली फट आणि उंची मला एकटीला पार करता येत नाही. चार अनोळखी माणसं खुर्चीसकट उचलणार, त्यातला एक नेमका चाकाला धरणार! २०२५ च्या ऑक्टोबरात मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि हा प्रकार टळला. लिफ्टने खाली, फलाटाच्या पातळीवरूनच डब्यात, हुतात्मा चौकात उतरून पुन्हा लिफ्टने वर. घाम आला नाही, कोणाचे आभार मानावे लागले नाहीत. दुसरी गोष्ट मला जास्त आवडली.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. जमिनीवरच्या ज्या पिवळ्या, उंचवट्यांच्या फरशा माधवीला रस्ता दाखवतात, त्यांच्यावरून माझी पुढची छोटी चाकं गेली की दात वाजतात. उलट फुटपाथची कड उतरती केलेली असली की मी सुखात, पण पायाला कड लागली नाही तर फुटपाथ संपून रस्ता कुठे सुरू झाला हे माधवीला समजत नाही. उतारापाशीच उंचवट्यांची फरशी बसवली तर दोघींचं भागतं. ‘अपंगांची सोय’ म्हणून एखादा रॅम्प ओतून हात झटकणाऱ्यांनी आम्हा दोघींना एकत्र फिरवून बघावं. रॅम्पचंही असं की एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी लागते. त्याहून उभा रॅम्प माझ्यासाठी घसरगुंडीच.

हुतात्मा चौकातून संग्रहालय जवळच, पण त्या अंतराला आम्हाला चांगलाच वेळ लागला. दुचाकी फुटपाथवर चढू नयेत म्हणून वाटेत खांब रोवलेले असतात. दुचाकीवाले त्यातूनही वाट काढतात, अडकते ती व्हीलचेअर.

आवारात शिरल्यावर माधवीने आधी भिंत मागितली. मी तिला दगडापाशी नेलं. कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड अशा दोन जातींच्या दगडांत वास्तुकार जॉर्ज विटेटने ही इमारत उभी केली. १९१४ मध्ये बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धात ती लष्करी रुग्णालय होती आणि संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली १९२२ मध्ये. म्हणजे पुराणवस्तूंच्या आधी इथे जखमी सैनिक होते. माझ्या आधी इथून चाकाच्या खुर्च्या फिरल्या असणारच, या विचाराने मी जरा ताठ बसले.

निसर्ग विभाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेच्या मदतीने उभा राहिला. काचेआड प्राणी एकटा उभा नसतो, त्याचं गवत, झाडं, दगड, मागे रंगवलेलं आकाश असा जंगलाचा एक तुकडाच असतो. बसलेल्या माणसाला या मांडणीचा फायदा होतो. उभे लोक प्राण्याकडे वरून किंवा बरोबरीने बघतात, मी गवताच्या पातळीवरून बघते. वाघासमोर तर मी थेट भक्ष्याच्या जागी होते.

आणि मग गवा. “सांग,” माधवी म्हणाली. मी सुरू केलं: काळपट तपकिरी, प्रचंड... “प्रचंड म्हणजे किती?” आता आली पंचाईत. मी तिला सरळ उभं केलं आणि हात डोक्याच्या वर न्यायला लावला. पूर्ण वाढलेल्या नराचे खांदे सहा फुटांच्या आसपास जातात, म्हणजे आमच्या पाच फुटी माधवीच्या डोक्यावरून पार. मानेमागे पाठीवर उंच कणा असतो, तो मध्येच संपून पाठ खाली उतरते. तो उतार तिने माझ्या हाताच्या मागोमाग हवेत हात फिरवून घेतला. चारही पाय गुडघ्याखाली पांढरे. “पायमोजे घातल्यासारखे,” मी म्हटलं. “रंग सोड, जाड आहेत का बारीक?” एवढ्या धुडाच्या मानाने बारीकच, हे तिने विचारेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हैस खांद्यापाशी साडेचार फुटांच्या आसपास. मुलाला उत्तर मिळालं: नाही, दीड फूट तरी उंच.

धनेशापाशी, म्हणजे हॉर्नबिलपाशी, मात्र पारडं फिरलं. मी पिवळी चोच, तिच्यावरचं शिरस्त्राण, पांढऱ्या शेपटीवरचा काळा पट्टा असं सांगत होते, तर ती म्हणाली, “थांब, हा आमचा गरुड ना?” तिचं आजोळ देवरुखकडचं. तिथल्या देवरायांत हा पक्षी आहे आणि कोकणात त्याला गरुड म्हणतात. तिने तो पाहिलेला नाही, पण ऐकलाय. त्याच्या पंखांचा आवाज पक्षी दिसायच्या कितीतरी आधी येतो. मोठ्या पिसांची मुळं खालून इतर पिसांनी झाकलेली नसतात, त्यामुळे फटींतून हवा घुसते आणि आवाज होतो. माधवीने तो तोंडाने काढून दाखवला: हूश्श, हूश्श, हूश्श. शेजारच्या काचेपाशी उभं असलेलं कुटुंब आधी दचकलं, मग त्यांचा मुलगाही हूश्श करायला लागला. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो, हे तिला आजीकडून माहीत होतं. मी तिला नवीन काय सांगणार? सोसायटीच्या विल्यमची गोष्ट तेवढी सांगितली. १८९४ मध्ये कारवारहून आलेलं धनेशाचं पिल्लू, १९२० पर्यंत सोसायटीच्या कार्यालयातच राहिलं. आज सोसायटीच्या बोधचिन्हावर धनेश आहे आणि संग्रहालयाशेजारच्या तिच्या इमारतीचं नावही हॉर्नबिल हाऊस.

रोहित पक्ष्यांपाशी आम्ही फार थांबलो नाही. गुलाबी रंगाचं काय करायचं, हे दोघींनाही सुचलं नाही. तो रंग खाण्यातल्या शेवाळांतून आणि कोळंबीसारख्या जिवांतून येतो, एवढं सांगून पुढे सरकले.

माधवीला हात लावायचा होता, अर्थातच. पण जुने पेंढा भरलेले प्राणी कीड लागू नये म्हणून बहुधा आर्सेनिक लावून टिकवलेले असत. म्हणजे काच प्राण्याच्या रक्षणासाठी जितकी, तितकीच आपल्याही. यावर तोडगा सोपा आहे: कुठल्याही संग्रहालयात एका टेबलावर शिंगाची, कवटीची, चोचीची प्रतिकृती ठेवावी. आणि बोलणारा माणूस ठेवावा. हे काही नवं नाही. १९२६ मध्ये याच विभागात प्राण्यांविषयी लोकांना समजावून सांगायला एक तरुण गाइड लेक्चरर नेमला होता. त्याचं नाव सालिम अली, पुढचे विख्यात पक्षीशास्त्रज्ञ. मी माधवीला म्हटलं, माझी नोकरी केवढ्या थोर माणसाची आहे बघ. ती म्हणाली, “त्याला पगार होता.”

जाणार असाल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दार उघडतानाच जा. दुपारी शाळांच्या सहली आल्या की वर्णन करणाऱ्याचा आवाज पोचत नाही आणि खुर्चीला काचेपाशी जागा मिळत नाही. मेट्रोतून बाहेर पडताना लिफ्ट कुठल्या दाराशी निघते ते आतच विचारून घ्या. सोबतीला दिसणारं माणूस असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की ‘सुंदर’ आणि ‘प्रचंड’ हे दोन शब्द चालणार नाहीत, माप सांगावं लागेल. आणि पाण्याची बाटली घ्या, सलग बोलून घसा बसतो.