बॅटरीशेजारी लोंबणारे कपलर

मालवणात सेकंडहँड गाडी घेतली की पावसाळ्याआधी एकदा बोनेट उघडून वायरिंग नीट बघाच, असं मी येईल त्याला सांगत असतो, कारण इथली खारी हवा तांब्याला सोडत नाही. परवा काकांची गाडी बघत होतो तर बॅटरीच्या बाजूला तीन कपलर (वायरच्या टोकाचे प्लॅस्टिकचे जोड) नुसतेच लोंबत होते, कशालाच जोडलेले नाहीत. काका लगेच टेन्शनमध्ये, "रे, ह्ये खयचे? कायतरी सुटला की काय?"

तर मोकळा कपलर दिसला म्हणजे बिघाडच आहे असं अजिबात नाही. बऱ्याच कंपन्या एकच हार्नेस, म्हणजे वायरींचा एकत्र बांधलेला गठ्ठा, खालच्या-वरच्या सगळ्या मॉडेलला टाकतात, म्हणजे बेस मॉडेलला फॉग लॅम्प नसले तरी त्याची वायर तिथपर्यंत आलेली असते. असा कपलर ओळखायला सोपा, कंपनीने तो मागे दुमडून हार्नेसलाच टेपने बांधलेला असतो. आमचा पांढरा दोन पिनी तसाच होता, टेप थोडी सुटलेली एवढंच, आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचं चित्र बघितलं तर फॉग लॅम्पच्या फ्यूजची जागा पण रिकामी. विषय संपला.

दुसऱ्याने मात्र मला घाबरवलं. जाड लाल वायर, थेट बॅटरीच्या प्लसवरून घेतलेली, मध्ये फ्यूज नाही, आणि जोडावर घरातली साधी काळी टेप जी उन्हाने वितळून चिकट झालेली. हे कंपनीचं काम नव्हेच, आधीच्या मालकाने मोठा हॉर्न नाहीतर सायरन लावला असणार आणि गाडी विकताना तेवढाच काढून घेतला. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) डीसी 20 व्होल्टवर ठेवला, काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला, लाल कपलरच्या पिनेला, तर चावी काढलेली असताना पण 12.5 व्होल्ट! ही वायर कुठे बॉडीला टेकली असती तर फ्यूज नसल्यामुळे तापून पेटलीच असती हो. आधी मायनस टर्मिनल काढलं (नेहमी मायनसच आधी, प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला की शॉर्ट झालाच म्हणून समजा) आणि ती वायर मुळापासून काढून टाकली.

तिसरा, काळा, दोन पिनी. याच्या लॉकच्या खाचेवर घासल्याची खूण होती आणि आत एका पिनेवर हिरवट थर, म्हणजे हा पूर्वी कुठेतरी नक्की बसलेला. अशा कपलरची जोडी लांब शोधत बसायचं नाही, वायर ओढाताण न करता जिथवर पोचते तिथेच ती असते. बॅटरीच्या मागे खाली हात घातला तर वॉशरच्या टाकीची मोटर, तोंड उघडं! आणि काका कधीपासून काचेवर पाणी उडत नाही म्हणून नोझलमध्ये सुई घालत होते. बॅटरी बदलताना कोणाच्या तरी हाताने निसटला असणार. काँटॅक्ट क्लीनर मारला, बारीक ब्रशने हिरवं काढलं, बसवल्यावर टक्क आवाज आला आणि पाणी काचेवरून थेट छपरावर. काका जाम खूश.

मीटरवर शून्य आलं म्हणून वायर मेलेली समजू नका, काही वायरींना चावी ऑन केल्यावर नाहीतर लाईट लावल्यावरच करंट येतो, म्हणून चावी बंद, चावी ऑन आणि लाईट लावून असं तिन्ही वेळा चेक करा. खाचा जुळत नसतील तर कपलर दाबून बसवायचा नाही. आणि पिवळा कपलर असेल तर मीटर लावूच नका, तो बहुतेक एअरबॅगचा असतो, ते काम माहितगारालाच द्या.

फॉग लॅम्पवाल्यात थोडं सिलिकॉन ग्रीस भरलं आणि तोंड खाली करून परत बांधला. प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायची नाही, आत दमट हवा कोंडते आणि पिना उलट लवकर सडतात.