कानाझावातील आठ खुर्च्या

"जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका," ही जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कानाझावा या पावसाळी शहराची म्हण पुण्यात जपानी शिकलेल्या माझ्या भाचीने तोक्योहून निघतानाच ऐकवली होती, आणि डिसेंबरातल्या त्या दुपारी स्थानकाबाहेर पाऊल टाकताच तिचा प्रत्यय आला. २०१५ मध्ये शिंकान्सेन ही अतिवेगवान रेल्वे येथवर पोहोचल्यापासून तोक्योहून सुमारे अडीच तासांत येता येते. त्यामुळे ओमिचो या जुन्या बाजारात पर्यटकांची रीघ असते. तेथील सुशीच्या दुकानांपुढच्या रांगा पाहून आम्ही मागच्या गल्लीत वळलो.

तेथे एका दारावर धुऊन धुऊन विटलेला निळा पडदा होता. आत लाकडी काउंटर, आठ खुर्च्या आणि भिंतीवर माशांच्या नावांच्या पाट्या एवढाच सरंजाम. सुशीचे दहा घास आणि वाटीभर मिसो सूप यांची किंमत साडेतीन हजार येन, म्हणजे तोक्योतल्या गिन्झा भागातील नामांकित दुकानांत जे मोजावे लागते त्याच्या दहावा हिस्साही नव्हे.

सुशी म्हणजे कच्चा मासा, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. वास्तविक माशाच्या नुसत्या कापांना साशिमी म्हणतात. सुशीला सुशीपण येते ते व्हिनेगर आणि मीठ घालून कालवलेल्या भातामुळे. या भाताला दुकानदारांच्या भाषेत 'शारी' आणि त्यावर आरूढ होणाऱ्या माशाला 'नेता' म्हणतात, हे कळल्यावर मला हसू आवरेना. येथे मात्र सारा कारभार भातच पाहत होता. साठीचे मालक डाव्या हातात माशाचा काप घेत, उजव्या तर्जनीने त्याला किसलेल्या वासाबीचा, म्हणजे एका झणझणीत जपानी कंदाचा, ठिपका लावत, वर भाताचा लहानसा गोळा ठेवून दोन-तीनदा दाबत आणि उलटवून आमच्यापुढे ठेवत. अंगाच्या उबेइतका कोमट असलेला तो भात बोटांत धरेपर्यंत एकसंध राही आणि जिभेवर पडताच दाणा दाणा सुटा होई. आंबेमोहोरावर वाढलेल्या माणसालाही येथे नाव ठेवायला जागा नव्हती.

सुशी हाताने खाल्लेली चालते, हे समजताच मी निर्धास्त झाले, आणि पहिलाच घास भाताच्या बाजूने सोया सॉसमध्ये बुडवला. अर्धा भात वाटीतच राहिला. "मावशी, उलटा धर. मासा बुडवायचा, भात नाही," असे भाची कुजबुजली. मालकांनी न पाहिल्यासारखे केले आणि वाटी तेवढी बदलून दिली.

मग साबा आला. हा आपल्या बांगड्याचा नातलग, तितकाच तेलकट आणि तितकाच लवकर बिघडणारा. माझी मालवणची आई बांगड्याच्या उग्रपणावर तिरफळ आणि कोकम यांचा इलाज करी. येथे मासा आधी मिठात दाबतात आणि मग व्हिनेगरमध्ये मुरवतात. कडेला पांढुरका, आत गुलाबीसर असलेला तो काप खाताना आईची आठवण झाली, जरी तिने त्याला हातही लावला नसता.

त्यानंतरची गासुएबी ही मळकट रंगाची कोळंबी दिसायला अगदीच सामान्य होती. तिचा ताजेपणा झपाट्याने उतरत असल्याने ती या किनाऱ्यापासून फारशी दूर जात नाही. गोडी मात्र अशी, की सोया सॉस लावावासाच वाटला नाही. नोदोगुरो या महागड्या माशाची कातडी जाळावर किंचित शेकलेली होती. त्याचे फार कौतुक ऐकले होते. मला तो जरा जास्तच चरबट वाटला.

चहाचे जाड पेले पुढे आले आणि आम्ही उठण्याच्या बेतात असताना बाहेर ढगांचा असा गडगडाट झाला, की पेल्यातला चहा हिंदकळला. मालकांनी प्रथमच मान वर केली आणि सुरीचे टोक छताकडे करून म्हणाले, "बुरी ओकोशी." थंडीच्या तोंडावर या किनाऱ्यावर होणाऱ्या गडगडाटाचे हे नाव, बुरी माशाला जागवणारा, तो ऐकू आला, की बुरीचा हंगाम सुरू झाल्याचे कोळी ओळखतात. आम्ही छत्र्या पुन्हा खुर्चीला अडकवल्या आणि बुरीचा एकेक घास मागितला.