ठिपक्यांचा हिशेब

आमच्या दुकानाच्या गल्ल्यात, चिल्लरीच्या वाटीखाली, पुडीचा एक कागद आहे. खाकी, चार घड्या घातलेला, कोपऱ्याला खोबरेल तेलाचा डाग. 4 सप्टेंबर 1979 च्या रात्री आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यावर पेन्सिलीने आकडे लिहिले होते. दुकान कोकणातल्या आचऱ्याचं, भुसारी. मी तेव्हा दहा वर्षांचा. बाहेर पाऊस, दिवे गेलेले, फळ्या अर्ध्या लावलेल्या, आणि आत वाडीतली पाचसहा माणसं पोत्यांवर बसलेली. रेडिओत नवे सेल घातले होते, दुकानातलेच. आईच्या मते ही शुद्ध उधळपट्टी होती.

लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या क्रिकेट कसोटीचा तो पाचवा, शेवटचा दिवस. जिंकायला 438 धावा हव्या होत्या, आणि आदल्या दिवशी खेळ थांबला तेव्हा आपण बिनबाद 76. इंग्लंडात सकाळचा खेळ सुरू होतो तेव्हा आपल्याकडे चहाची वेळ होत आलेली असते, म्हणून मॅच आमच्या जेवणवेळेवर येऊन आदळली. कुणीही उठलं नाही. आईने शेवटी पेजेचं भांडं आणि लोणचं दुकानातच आणून ठेवलं.

आता कागदाकडे बघितलं की एक गोष्ट खटकते. सुनील गावसकरच्या 221 ला आबांनी एक रेघ मारली आहे आणि 213 ला दोन. 213 म्हणजे सलामीची भागी, गावसकर आणि चेतन चौहान या पहिल्या जोडीने मिळून केलेल्या धावा. त्यात चौहानच्या 80. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला जाणारा एक म्हातारा त्या रात्री सारखा कुरकुरत होता, "ह्यो चौहान मारीत कित्याक नाय?" आबा वजनाचं माप पुसता पुसता म्हणाले, "मारतले दुसरे. आधी बॉल जुनो होवंदे."

त्या वेळी मला वाटलं, आबा चौहानची बाजू सावरून घेतायत. गिऱ्हाईक उधारी बुडवून गेलं तरी ते असंच कुणाची ना कुणाची बाजू घ्यायचे.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 1 बाद 366 पर्यंत गाडी व्यवस्थित आली. मग दिलीप वेंगसरकर 52 वर गेला, कपिलला वर पाठवला तो शून्यावर परतला, संघाच्या 389 झाल्या असताना गावसकर बाद झाला. 443 चेंडू खेळून. विश्वनाथला मागे ठेवला होता, आणि "विशीक आधी धाडूक होयो होतो" हे वाक्य मी पुढची तीस वर्षं दर गणपतीत ऐकलं. 8 बाद 429, नऊ धावा कमी, सामना अनिर्णित. आबांनी आकडा लिहिला, रेडिओचे सेल काढून ठेवले आणि उरलेल्या फळ्या लावल्या.

चौहानने 40 कसोटी खेळल्या, 2084 धावा केल्या आणि शतक एकही नाही. सगळ्यात जास्त 97, अ‍ॅडलेडला. महाराष्ट्राकडून खेळलेला माणूस, पण आमच्याकडे त्याचं नाव निघालं की आधी हसू येतं, "शतक न केलेला ओपनर" म्हणून. गावसकरबरोबर त्याने सलामीला मिळून तीन हजारांवर धावा उभ्या केल्या, हे सांगितलं की लोक म्हणतात, त्या काय गावसकरच्याच असतील. मी वाद घालत नाही. दुकानदाराने घालू नये.

गेली वीसेक वर्षं मी तालुक्यातल्या सामन्यांना स्कोअरर म्हणून बसतो. मांडवात टेबल, वहीवर दगड, कारण वारा समुद्रावरून येतो आणि पानं उलटतो. वहीत चौकार असला तर 4, एकेरी असली तर 1, आणि काहीच झालं नाही तर ठिपका. सहाच्या सहा ठिपके पडले की ते जोडून एम काढायचा, निर्धाव षटक. हा एम गोलंदाजाच्या खात्यात जातो. फलंदाजाच्या ओळीत ते सहा ठिपके नुसते पडून राहतात. त्यातला कुठला चेंडू सोडला, कुठला मधोमध बॅटीवर घेतला, कुठला हातमोज्याला चाटून खाली पडला, याची वहीत काही नोंद नाही. मी कधी कधी ठिपका जरा जोरात टेकवतो, इतकंच.

हे मला कळायला कारण झाली ती दहावीतली एक मॅच. शाळेच्या संघात मला ओपनिंगला पाठवायचे, कारण दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. खाली जांभ्याची कडक जमीन, वर काथ्याची चटई, दोन्ही टोकांना खिळे ठोकलेले. चटईवर चेंडू कसा उठतो ते ज्याने सोसलं आहे त्यालाच ठाऊक. टेनिस बॉलवर वाढलेल्या पोराला तो थेट छातीशी येतो. समोरच्या शाळेत एक उंच पोरगा होता, मिसरूड फुटलेला, माझ्या मते दोन वर्षं नापास. पहिलाच चेंडू माझ्या अंगठ्यावर बसला.

चुलतभावाने आदल्या संध्याकाळी अंगणात रेघा मारून एकच गोष्ट शिकवली होती. ऑफ स्टंप कुठे आहे ते डोक्याला नाही, पायाला माहीत पाहिजे. मागचा पाय रेघेवर आला आणि चेंडू डोळ्याच्या बाहेर असला तर हात वर घे, जाऊ दे. एवढंच भांडवल. तेवढ्यावर मी 24 षटकं उभा राहिलो. धावा 14, त्यातल्या चार लेगबायच्या, म्हणजे बॅटीला नाही तर अंगाला लागून मिळालेल्या, असाव्यात असा मला आजही संशय आहे.

चेंडू सोडण्यात भीतीपेक्षा कंटाळा जास्त असतो. पहिल्या दहा षटकांत भीती असते, ती बरी, ती जागं ठेवते. नंतर गोलंदाज दमतो, चेंडू ओळखीचा होतो, आणि मग हात शिवशिवतात. कुंपणाच्या गडग्यावर बसलेली आमचीच पोरं ओरडत होती, "रे मार मरे! थंय निजाक गेलंस काय?" बाद मी त्यांच्यामुळेच झालो. एक आखूड चेंडू ओढायला गेलो आणि मिड-ऑनच्या हातात दिला.

माझ्यानंतर गेलेल्याने 61 काढल्या, चाळीसेक चेंडूंत. कप त्याला. तो गेला तेव्हा चेंडूची लाली जांभ्याने खरवडून टाकली होती, शिवण चपटी झाली होती, आणि तो उंच पोरगा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा होता. बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांनी माझं नाव घेतलं नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू. घरी अंगठ्याला हळदीचा लेप लावताना आबा म्हणाले, "त्या 61 त तुझ्यो किती?" आणि स्वतःच हसले.

हे सगळं ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या कसोटीच्या दुसऱ्या दिवशी आठवलं. 23 नोव्हेंबर 2024. लक्षात असेल, त्याच दिवशी विधानसभेचा निकाल होता. सगळ्या तिठ्यावर मतमोजणी, आणि माझ्या दुकानातल्या टीव्हीवर कसोटी. पहिल्या डावात आपण 150 त गारद झालो होतो. यशस्वी जयस्वाल आठ चेंडू खेळून शून्यावर, ड्राइव्ह मारायला जाऊन. के. एल. राहुलने त्याच डावात 74 चेंडू खेळून 26 केल्या होत्या, पण ते कोण बोलतो. मग ऑस्ट्रेलियाही 104 त आटोपली आणि जयस्वाल-राहुल ही सलामीची जोडी पुन्हा बाहेर आली.

समोर स्टार्क, हेझलवूड, कमिन्स, त्यांचे वेगवान गोलंदाज. त्यात कूकाबुरा, तिकडे वापरतात तो चेंडू. तो सुरुवातीची वीसपंचवीस षटकं खरा, मग शिवण बसते आणि तो पाळीव होतो. म्हणजे काय करायचं ते सोपं आहे, फक्त तोवर उभं राहायचं. जयस्वाल पुढचा पाय आवरून खेळत होता, एका दिवसात हात आखडून घ्यायला शिकलेला. तो नंतर स्टार्कला चेंडू हळू येतोय असं म्हणाला, त्याच्याच क्लिपा फिरल्या. मी मात्र राहुलकडे बघत होतो. चेंडू इतका उशिरा खेळायचा की बॅट जवळजवळ मांडीला लागायची, आणि हात असे सैल की कड लागली तरी चेंडू स्लिपच्या अलीकडेच मरावा. 176 चेंडूंत 77. पुढच्या दिवशी भागी 201 वर तुटली, जयस्वाल 161 करून गेला, आणि मागाहून कोहलीने दमलेल्या गोलंदाजांवर नाबाद शतक केलं. 295 धावांनी जिंकलो. कोहलीच्या शंभरात राहुलच्या किती, हे विचारायला आबा नव्हते.

पण तो मतमोजणीचा दिवस सांगायचा राहिला. खेळ संपला तेव्हा बिनबाद 172, षटकं 57. पहिल्या डावातल्या 46 धरून आघाडी 218. मी जुन्या सवयीने पुडीच्या कागदावर आकडा लिहीत होतो, एवढ्यात पुतण्या गुलालाने माखून आत शिरला. त्याला पेढ्यांसाठी रिकामे बॉक्स हवे होते.

"काकानू, किती लीड?"

"218."

"तुमी जुनो आकडो सांगतास. कवाच वाढले."

"वाढतलेच," मी म्हटलं, "धाय विकेटी हातात हत."

त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा टीव्हीकडे बघितलं, बॉक्स उचलले आणि गेला. पैसे द्यायचे राहिलेत अजून.