गावठी कोंबड्यांची स्वतःची लाईन करताना सहा कोंबडे का ठेवले (माझा अनुभव)

गावठीची घरचीच लाईन (आपल्याच कळपातनं निवडून पिढ्यान्पिढ्या पुढं चालवायची पैदास) धरायची ठरवली तेव्हा आमच्या करवीर तालुक्यात ज्याला विचारावं त्याचा सल्ला एकच, जो कोंबडा भारी त्याचीच पिलं धर. पण त्याच्याच पोरी त्याच्याच पोरांना लागत गेल्या की अंडी कमी फळतात, पिलू कवचातच मरतं, आणि जगलेल्या तलंगा (तरण्या कोंबड्या) अंड्याला कमी पडतात. सख्ख्या भावंडांची जोडी लागली तर पिलात २५ टक्के इनब्रीडिंग (जवळच्या नात्यातल्या जोडीचा परिणाम), आई वेगळी असली तरी १२.५.

म्हणून आधी वहीत हिशोब मांडला. नरांच्या आठपटीनं १ ला भागायचं, माद्यांच्या आठपटीनं १ ला भागायचं, दोन्हीची बेरीज म्हणजे साधारण दर पिढीला वाढणारं इनब्रीडिंग. २ कोंबडे ३० कोंबड्या, ६.७ टक्के. कोंबड्या ६० केल्या तरी ६.५च! आणि ३० कोंबड्यांना ६ कोंबडे ठेवले की थेट २.५. आई म्हणाली, "एवढं कोंबडं कशाला पोसतोस, अंडी देत्यात व्हय?" खाद्याचा खर्च वाढला हे खरंच आहे, तरी सहा ठेवले.

जाळी मारून सहा कप्पे केले, प्रत्येकात एक कोंबडा पाच कोंबड्या, पिलांना कप्प्याप्रमाणं रंगीत रिंग. तलंगा आपल्याच कप्प्यात राहतात आणि नर पुढच्या कप्प्यात जातो. कोंबड्याची अंडी मोजता येत नाहीत त्यामुळं त्याची आई आणि बहिणी किती घालतात त्यावरनं निवडायचा, आणि दर कप्प्यातनं एकच. हितंच लई जड जातं, कारण तिसऱ्या कप्प्याच्या कोंबड्या सगळ्यात सरस आणि वाटतं सगळे नर तिथलेच घ्यावेत. मी एकच घेतला. अंडी जरा हळू वाढतील, पण पुढच्या पिढ्यांत निवडायला फरक शिल्लक राहायला पाहिजे ना.

आणि एक, कोंबडा बदलला की लगेच अंडी उबवायच्या मशीनला लावू नका, आधीच्याचं वीर्य कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. मी तोवरची अंडी खायला विकली. अंड्यावर पेन्सिलनं कप्प्याचा नंबर घालायचा आणि १८ व्या दिवशी प्रत्येक कप्प्याची अंडी वेगळ्या जाळीच्या डब्यात ठेवायची, नाहीतर २१ व्या दिवशी सगळी पिलं एकात एक, मग रिंग कुणाला कुठली घालणार?

आता आजरा-चंदगडकडचा, आपल्या कळपाशी नातं नसलेला एक गावठी कोंबडा बघतोय, आणला की आधी लांब वेगळा ठेवून रोगराई बघणार आणि मग एकाच कप्प्यात सोडणार.