फोटोतली गाडी आमची नाही

"पाचशे रुपयांसाठी कशाला हेलपाटे घालताय काका? भरून टाका की," टेबलापलीकडचे साहेब बाबांना म्हणाले. आवाजात राग नव्हता, काळजीच होती. म्हणूनच जास्त लागलं.

आम्हाला आलेल्या वाहतूक दंडाच्या चलनाच्या फोटोत लाल मोटारसायकलवर विनाहेल्मेट पोरगा. आमची पांढरी स्कूटी. एमएच १३ च्या पुढं ३ चा ८ वाचलेला, बास.

पैसे भरायचे म्हणजे गुन्हा मान्य करायचा. हेल्मेटच्या या कलमात ३ महिने लायसन्स निलंबनाचीही तरतूद आहे!

महाट्रॅफिक ॲपवर फोटो बघून तक्रार करता येते, ती मी केली. पण विड्या वळून घर चालवणाऱ्या एखाद्या मावशीच्या लेकाला असं चलन आलं तर? मजुरी बुडवून तो खेटे घालणार, की न केलेल्या चुकीचे पैसे भरणार?